माफी न मागणारा राजपुत्र

बर्मिंगहॅमहून सकाळी निघालेली आमची गाडी मखनलेथ मागे टाकून समुद्राच्या कडेने धावू लागली, तेव्हा माझी नात खिडकीच्या काचेला नाक लावून बसली होती. एका बाजूला लाटा, दुसऱ्या बाजूला हिरव्या डोंगरांवर मेंढ्यांचे पांढरे ठिपके. मग एका वळणावर तिने माझा हात हलवून किल्ला दाखवला. दोनशे फुटी कातळाच्या माथ्यावर करड्या दगडांची चौरस वास्तू, चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज. हेच हार्लेख.

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरचे हे गाव लहानसेच. चढणीवर वसलेली दगडी घरे, चहाची दुकाने, आणि किल्ल्याजवळून खाली उतरणारी एक गल्ली इतकी उभी की २०१९ साली जगातला सर्वांत चढाचा रस्ता म्हणून ग्विनेसच्या पुस्तकात तिची नोंद झाली. पुढच्याच वर्षी तो मान न्यूझीलंडमधल्या एका रस्त्याकडे परत गेला. गावाच्या नावाचा शेवट इंग्रज लोक ‘क’ने करतात, वेल्श माणूस मात्र आपल्या ‘ख’च्या जवळ जाणारा, घशातून येणारा उच्चार करतो. एवढ्याशा अक्षरात दोन समाजांमधले अंतर दिसते.

मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. इंग्लंडच्या इतिहासातला वेल्स आमच्या पुस्तकात एका ओळीत आटपत असे : पहिल्या एडवर्डने वेल्स जिंकला. त्या आधी बी. ए. ला असताना शेक्सपिअरचे चौथ्या हेन्रीवरचे नाटक अभ्यासाला होते. त्यात ग्लेन्डॉवर नावाचा एक वेल्श सरदार येतो; बढाईखोर, भुताखेतांशी बोलतो असे सांगणारा. वर्गात आम्ही त्याला मनसोक्त हसलो होतो. त्याचे खरे नाव ओवेन ग्लिनडूर, आणि त्याची खरी हकीकत हसण्यासारखी नाही, हे कळायला मला सत्तरी उलटावी लागली.

ओवेनची गोष्ट सांगायची तर आधी या किल्ल्याची सांगायला हवी. १२८२ च्या डिसेंबरात वेल्सचा राजपुत्र लुवेलिन लढाईत मारला गेला. त्याचा भाऊ डेव्हिड पुढच्या वर्षी पकडला गेला आणि श्रूजबरीला हालहाल करून त्याला ठार करण्यात आले. लुवेलिनला एकच मूल होते, ग्वेनलियन नावाची तान्ही मुलगी. एडवर्डने तिला इंग्लंडमधल्या सेम्प्रिंगहॅमच्या मठात पाठवले. तिथेच ती मोठी झाली, तिथेच १३३७ साली वारली. वेल्सच्या गादीला वारस मिळू नये, म्हणून एका बाईचे सगळे आयुष्य भिंतींआड गेले.

मग एडवर्डने किल्ल्यांची साखळी उभारली : कॉनवी, कार्नार्वन, हार्लेख, आणि नंतर बोमारिस. सॅव्हॉय प्रांतातून आणलेला मास्टर जेम्स हा त्यांचा मुख्य स्थपती. १२८३ साली हार्लेखचे काम सुरू झाले आणि १२८९ पर्यंत ते पुरे झाले. १२८६ च्या उन्हाळ्यात इथे सुमारे ९४० माणसे राबत होती. गवंडी, खाणकरी, लोहार, सुतार आणि बिगारी. खर्च आठ हजार पौंडांच्या वर गेला. एकात एक अशा दोन तटबंद्या, पूर्वेला भव्य दरवाजा, आणि पश्चिमेला कातळातून थेट समुद्रापर्यंत उतरणाऱ्या शंभराहून अधिक पायऱ्या. त्या काळी भरतीचे पाणी कातळाच्या पायथ्याशी येई. आज समुद्र मागे हटला आहे आणि मधल्या जागेत वाळूच्या टेकड्या आणि गोल्फचे मैदान आहे. या पायऱ्यांचे महत्त्व लवकरच कळले. १२९४ साली वेल्श लोकांनी उठाव करून किल्ला वेढला, तेव्हा आयर्लंडहून गलबतांनी आलेल्या धान्यावर आतली शिबंदी तगली.

किल्ल्याच्या सावलीत गाव वसले. १२८४ साली त्याला राजाची सनद मिळाली. एडवर्डने वसवलेल्या अशा गावांतले व्यापाराचे हक्क आणि मानाच्या जागा बाहेरून आणलेल्या इंग्रजांसाठी होत्या. भोवतालच्या वेल्श शेतकऱ्याने तिथे यावे, माल विकावा, कर भरावा आणि घरी जावे. १३०१ मध्ये एडवर्डने ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ ही पदवी आपल्या मुलाला दिली. जिंकलेल्यांचे राज्य गेलेच होते. आता राजपुत्रपदही जिंकणाऱ्याच्या घरात गेले.

ओवेनचा जन्म १३५० नंतरच्या दशकातला. वडिलांकडून तो पोविसच्या आणि आईकडून दक्षिणेतल्या देहेबार्थच्या जुन्या राजघराण्यांचा वंशज. पण वागण्यात तो बंडखोर मुळीच नव्हता. तरुणपणी त्याने लंडनला कायद्याचे शिक्षण घेतले असे मानतात. स्कॉटलंडच्या मोहिमेत तो इंग्लंडच्या राजाच्या बाजूने लढला. त्याची बायको मार्गारेट ही सर डेव्हिड हॅनमर या राजाच्या न्यायाधीशाची मुलगी. डी नदीच्या खोऱ्यात ग्लिनडव्हर्डवी आणि सीमेजवळ सिखार्थ अशा त्याच्या दोन जहागिऱ्या होत्या. सिखार्थच्या वाड्याचे वर्णन योलो गोख या कवीने करून ठेवले आहे : भोवती खंदक, फळबाग, द्राक्षमळा, कबुतरखाना, मासळीचे तळे, गिरणी, पाहुण्यांची सतत वर्दळ आणि दाराला कुलूप लावायची कधी वेळ न येणारे घर. थोडक्यात, चाळिशी ओलांडलेला, मुलाबाळांनी घर भरलेला एक सुखवस्तू गृहस्थ.

असा माणूस का पेटला? निमित्त जमिनीच्या भांडणाचे होते. शेजारचा रुथिनचा लॉर्ड रेजिनाल्ड ग्रे याने ओवेनची जमीन बळकावली आणि दाद मागूनही न्याय मिळाला नाही. ग्रे हा नव्या राजाचा, चौथ्या हेन्रीचा माणूस. हेन्रीने १३९९ साली दुसऱ्या रिचर्डला पदच्युत करून गादी घेतली होती. १६ सप्टेंबर १४०० रोजी ग्लिनडव्हर्डवीला जमलेल्या आप्तेष्टांनी ओवेनला वेल्सचा राजपुत्र म्हणून जाहीर केले आणि दोनच दिवसांत रुथिन गाव जळाले. शेताच्या बांधावरून सुरू झालेले भांडण थेट सिंहासनाला जाऊन भिडले, कारण शंभर वर्षांचा साठलेला अपमान तळाशी होता.

पुढच्या वर्षी गुड फ्रायडेला ओवेनच्या दोन चुलतभावांनी, ग्विलिम आणि रीस तुदुर यांनी, कॉनवीचा बलाढ्य किल्ला निव्वळ युक्तीने घेतला. शिबंदी प्रार्थनेला गेली असताना कामाला आलेल्या सुताराचे सोंग करून त्यांचा माणूस आत शिरला आणि दार उघडले गेले. ऑक्सफर्डमधले वेल्श विद्यार्थी पुस्तके टाकून आणि इंग्लंडच्या शेतांवरचे वेल्श मजूर काम टाकून गावी परतू लागले, अशी तक्रार पार्लमेंटात झाली.

पार्लमेंटने उत्तर दिले ते कायद्यांनी. वेल्श माणसाने इंग्रजांच्या गावात जमीन घेऊ नये, शस्त्र बाळगू नये, अधिकाराची जागा घेऊ नये, सभा भरवू नये. वेल्श बाईशी लग्न करणाऱ्या इंग्रजालाही वेल्समध्ये अधिकारपद मिळू नये. म्हणजे भांडण आता घरात, माजघरापर्यंत आले. कुंपणावर बसलेले अनेकजण या कायद्यांनी ओवेनकडे ढकलले गेले.

१४०२ हे त्याचे वर्ष. एप्रिलमध्ये तो ग्रे ओवेनच्या हाती लागला आणि दहा हजार मार्कांची खंडणी भरून सुटला. जूनमध्ये ब्रिन ग्लासच्या टेकडीवर इंग्रज सैन्याचा धुव्वा उडाला आणि एडमंड मॉर्टिमर हा बडा सरदार कैद झाला. त्याच्या घराण्याचा इंग्लंडच्या गादीवर हक्क पोहोचत असल्याने हेन्रीने त्याची खंडणी भरायला नकार दिला. मॉर्टिमरने बाजू बदलली आणि ओवेनची मुलगी कॅथरिन हिच्याशी लग्न केले. त्याच सप्टेंबरात हेन्री स्वतः फौज घेऊन आला, तर वादळाने त्याचा तंबूच त्याच्या अंगावर कोसळला. ओवेन जादूटोणा करतो ही वदंता तेव्हाची. शेक्सपिअरने दोनशे वर्षांनी तीच उचलली.

मी ओवेनला देवघरात बसवायला निघालेली नाही. त्याच्या माणसांनी सेंट आसाफचे कॅथीड्रल जाळले, कार्डिफ जाळले. इकडे हेन्रीच्या सैन्याने स्ट्राटा फ्लोरिडाच्या मठात घोडे बांधले आणि पुढे पाचवा हेन्री झालेल्या युवराजाने १४०३ मध्ये सिखार्थचा तो बिनकुलपाचा वाडा राख करून टाकला. दोन्हीकडच्या वणव्यात सामान्य शेतकरीच होरपळला.

१४०४ मध्ये अबेरिस्टविथ आणि हार्लेखचे किल्ले ओवेनने घेतले. उपासमार आणि रोगराईने हार्लेखची शिबंदी आधीच खिळखिळी झाली होती. जो किल्ला वेल्श लोकांना धाकात ठेवायला बांधला, तोच आता वेल्श राजपुत्राचे घर झाला. मार्गारेट, मुली, जावई मॉर्टिमर आणि नातवंडे, सगळे इथे राहायला आले. त्याच वर्षी मखनलेथला त्याने पार्लमेंट भरवले आणि फ्रान्सच्या राजाशी तह केला. १४०५ साली दुसरे पार्लमेंट हार्लेखला भरले. प्रत्येक परगण्यातून चार-चार माणसे त्याला बोलावली होती.

१४०६ च्या मार्चमध्ये पेनल या खेड्यातून त्याने फ्रान्सच्या राजाला पत्र पाठवले. हे पत्र आजही पॅरिसच्या दफ्तरखान्यात आहे. त्यात कँटरबरीपासून स्वतंत्र असे वेल्सचे चर्च मागितले आहे. वेल्सला दोन विद्यापीठे हवीत, एक उत्तरेत आणि एक दक्षिणेत, असेही म्हटले आहे. डोंगरात राहून लढणारा, घर जळालेला एक माणूस विद्यापीठांचा विचार करतो आहे! इतिहासाची शिक्षिका म्हणून मी इथेच त्याच्यापुढे हात जोडले.

परंतु दैव फिरले होते. १४०५ मध्येच उस्कजवळच्या लढाईत भाऊ तुदुर मारला गेला आणि मुलगा ग्रिफिथ पकडला जाऊन लंडनच्या टॉवरमध्ये गेला. तिथेच त्याचा अंत झाला. फ्रेंच फौज आली, वुस्टरजवळपर्यंत पोहोचली आणि मोठी लढाई न करताच परतली. युवराज हेन्रीने समोरासमोर लढण्याऐवजी किल्ल्यांची रसद तोडण्याचा मार्ग धरला. १४०८ मध्ये अबेरिस्टविथ पडले. मग तोफा हार्लेखच्या पायथ्याशी आल्या. या वेळी समुद्राकडूनही मदत आली नाही. तो हिवाळा कडक होता. वेढ्यात मॉर्टिमर मेला आणि १४०९ च्या सुरुवातीला किल्ला पडला. ओवेन हाती लागला नाही. हाती लागली ती मार्गारेट, कॅथरिन, तिची बहीण आणि कॅथरिनच्या लहान मुली. सगळ्यांना लंडनच्या टॉवरमध्ये नेले. १४१३ साली कॅथरिन आणि तिच्या मुलींच्या दफनाचा खर्च सरकारी हिशेबात टाकलेला आहे. एका राजकन्येच्या आयुष्याची अखेर जमाखर्चाच्या वहीत उरली.

पूर्वेच्या दरवाजावरच्या खोल्या या किल्ल्यातल्या त्यातल्या त्यात राहण्याजोग्या. खिडक्या आहेत, चुलाणे आहेत. ओवेनचे कुटुंब बहुधा इथेच राहिले असावे. नात त्या खिडकीत चढून बसली आणि मला आमच्या घराची आठवण झाली.

माझे वडील १९४२ च्या चळवळीत दीड वर्ष तुरुंगात होते. यापुढे चळवळीत भाग घेणार नाही असे लिहून दिले की सुटका होत असे. वडिलांनी लिहून दिले नाही. त्या दीड वर्षात माझी थोरली बहीण तापाने गेली. मी तिला पाहिलेले नाही. माझा जन्म नंतरचा. पुढे १९७२ साली वडिलांना ताम्रपट मिळाला. गावातली माणसे हार घेऊन आली. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. चहा मात्र तिने सगळ्यांसाठी केला. त्या विषयावर ती वडिलांशी कधी बोलल्याचे मला आठवत नाही, आणि आम्ही मुलांनीही तिला कधी विचारले नाही. आम्हाला वडिलांचा अभिमान होता. आईच्या बाजूने हिशेब मांडायचे आम्हाला सुचलेच नाही.

म्हणून ओवेनच्या शेवटच्या वर्षांकडे मी जरा निराळ्या नजरेने पाहते. हार्लेख पडल्यावर तो डोंगरांत, जंगलांत, ओळखीच्या घरांत लपून राहिला. १४१० मध्ये त्याचा सरदार रीस पकडला गेला आणि लंडनला त्याला ठार करण्यात आले. शरण गेलेल्याचे काय होते हे ओवेनला पुरते ठाऊक होते. १४११ च्या अखेरीस राजाने सर्वांना माफी जाहीर केली, ती त्याला वगळून. १४१२ साली त्याने डेव्हिड गॅम या आपल्या वेल्श शत्रूला पकडून खंडणी घेतली. त्यानंतर तो कोणाला खात्रीने दिसला नाही. १४१५ आणि १४१६ मध्ये पाचव्या हेन्रीने माफीची बोलणी करायला माणसे नेमली, तेव्हा ओवेनकडून काही उत्तर आले नाही. कदाचित तो तोवर मेलाही असेल. पण ज्यांच्यासाठी माफी घ्यायची ती लेक आणि नाती त्याआधीच मातीआड गेल्या होत्या. मग कोणासाठी सही करायची?

त्याने आधी शरणागती पत्करली असती तर त्या वाचल्या असत्या का? शरण जाऊन त्याला बहुधा वधस्तंभच मिळाला असता, आणि ग्वेनलियनचे उदाहरण पाहता मुलींची सुटका झालीच असती असेही म्हणवत नाही. इतिहासाची शिक्षिका एवढे सांगून थांबेल. एका आईची मुलगी मात्र विचारते, की बंड पुकारताना मार्गारेटला कोणी विचारले होते का? तिचे माहेर राजाच्या न्यायाधीशाचे. तिचे भाऊ ओवेनच्या बाजूने उभे राहिले, ती शेवटपर्यंत किल्ल्यात राहिली. तिच्या मनात काय होते हे कुठल्याच दफ्तरात नाही.

ओवेनचे थडगे कुठे आहे हेही कोणी सांगू शकत नाही. अ‍ॅलिस या त्याच्या मुलीचे लग्न हेरफर्डशायरमधल्या स्कडामोर घराण्यात झाले होते. तिच्याच आसऱ्याने त्याचे शेवटचे दिवस गेले असावेत, असे बरेच जण मानतात. एक गोष्ट मात्र पक्की आहे. इतकी वर्षे तो लपून राहिला आणि राज्य उद्ध्वस्त झालेल्या, भुकेल्या त्या मुलखात एकाही माणसाने त्याला विकले नाही. वाचलेला मुलगा मेरेडिथ याने १४२१ साली माफी स्वीकारली. मी त्याला दोष देणार नाही. घरात कोणीतरी पुढे जगायचे असते.

पुढचा इतिहास मोठा गमतीचा आहे. कॉनवी घेणाऱ्या त्या तुदुर बंधूंचा पुतण्या ओवेन ट्यूडर. त्याने पाचव्या हेन्रीच्याच विधवेशी संसार मांडला आणि त्यांचा नातू १४८५ मध्ये सातवा हेन्री म्हणून इंग्लंडच्या गादीवर बसला. १८७२ साली अबेरिस्टविथला, ओवेनच्या किल्ल्याच्या भग्न भिंतींशेजारी, वेल्सचे पहिले विद्यापीठ महाविद्यालय सुरू झाले आणि १८९३ मध्ये वेल्स विद्यापीठ स्थापन झाले. १९२० मध्ये वेल्सचे चर्च कँटरबरीपासून वेगळे झाले. १९९९ मध्ये कार्डिफला वेल्सची स्वतःची विधानसभा भरली. पेनलच्या पत्रातल्या आणि मखनलेथच्या सभेतल्या मागण्या पाच-सहाशे वर्षांनी, रक्त न सांडता पुऱ्या झाल्या.

कॅथरिनला पुरले ते लंडनचे सेंट स्विदिन चर्च आता उरलेले नाही. त्या जागेच्या छोट्या बागेत २००१ पासून तिचे एक दगडी स्मारक आहे. परतीच्या प्रवासाआधी लेकीला सांगून मी मुद्दाम तिथे गेले. कॅनन स्ट्रीटवर कचेऱ्यांत जाणाऱ्यांची घाई होती. बागेत आम्ही दोघीच. नातीने विचारले, की या बाईने काय केले होते? ओवेनबद्दल मी तिला गाडीत तासभर सांगितले होते, पण या प्रश्नाला माझ्याजवळ पटकन उत्तर नव्हते. मी तिला माझ्या आईची आणि कधी न पाहिलेल्या बहिणीची गोष्ट सांगितली. आमच्या घरात ती गोष्ट मोठ्याने सांगितली गेली, ती पहिल्यांदाच.